आंधळं पेव

वाचनालयाच्या नागनाथ गुरुजींनी मला दोनच ओळी मागितल्या होत्या. गावातले जुने शब्द विसरत चालले आहेत, ज्याला जो ठाऊक आहे त्याने त्याचा अर्थ आणि वापर लिहून द्यावा, असं त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांना सांगितलं. माझ्या वाट्याला 'आंधळं पेव' आलं. मी आजवर अर्ज आणि खुशालीची पत्रं सोडून काही लिहिलेलं नाही. दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. अर्थ बरोबर होता, पण वाचून कोणाच्या पायाला भीती वाटली नसती. हा शब्द मला सगुणावहिनींना सोडून सांगता येत नाही असं दिसतं. म्हणून हे लांबलं आहे. गुरुजींनी नको असेल ते गाळावं.

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला रांजण. गाव ज्या पांढरीवर वसलेलं असतं तिच्या घट्ट मातीत तो खणतात. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत पोट मोठं. आतून कडबा आणि कडुलिंबाचा पाला लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, तिच्यावर भुसा आणि माती टाकून शेणाने सारवून घ्यायचं. सारवल्यावर अंगण कुठं संपलं आणि पेव कुठं सुरू झालं ते परक्याला कळत नाही. कळू नये म्हणूनच ते सारवायचं असतं.

भरलेल्या पेवाची भीती नसते. वरची माती आतल्या ज्वारीवर टेकलेली असते. रिकामं करून तोंड उघडं टाकलेलं पेवही दिसतं, माणूस वळसा घालून जातो. जे आतून रिकामं आहे आणि वरून सारवलेलं आहे, ते आंधळं पेव. त्याची वरची माती आतून झडत राहते, आत हवा कोंडून आंबते. त्यावरून बैल जातो, माणसं जातात, काही होत नाही. मग एक दिवस होतं.

आमच्याकडे हा शब्द घरांना आणि माणसांनाही लावतात. सोयरीक पाहायला निघालेल्याला कोणी हळूच म्हणतो, "तिथं आंधळं पेव हाय, जपून." म्हणजे त्या घरात काहीतरी वरून सारवून ठेवलेलं आहे. चालता बोलता गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात, पोटात आंधळं पेव होतं त्याच्या. मात्र दुसऱ्याने आपल्यासाठी खणून ठेवलेल्या खड्ड्याला हा शब्द कोणी लावत नाही. आंधळं पेव आपल्याच अंगणात असतं आणि आपल्याच घरच्या हाताने सारवलेलं असतं.

सगुणावहिनी माझे चुलतभाऊ चंद्रभानदादा यांच्या पत्नी. आमचं गाव मानवत आणि पोखर्णीच्या मधलं. आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच, त्यामुळे त्यांचं अंगण मला माझ्या ओट्यावरून दिसायचं. वहिनी उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. त्यांची एक सवय सगळ्या गल्लीला माहीत होती. दारातून फाटकाकडे त्या कधी सरळ गेल्या नाहीत. निघाल्या की उजवीकडे गोठ्याच्या भिंतीला लागायच्या आणि भिंतीच्या कडेकडेने जाऊन मग फाटकाकडे वळायच्या. डोक्यावर भरल्या घागरी असल्या तरी तोच रस्ता. माझी बायको तानुबाई म्हणायची, "जाऊबाईच्या अंगणात सरळ वाट उगवतच न्हाई."

त्या अंगणाच्या मधोमध तात्यारावांचं पेव होतं. तात्याराव म्हणजे वहिनींचे सासरे. पंचक्रोशीत त्या पेवाचं नाव होतं. आणि ते रिकामं होतं. दादांच्या माघारी ही गोष्ट जगात एकट्या वहिनींना ठाऊक होती. मला पुढे त्यांनीच सांगितली, ती तशीच लिहितो.

रझाकारांच्या धामधुमीत तात्यारावांनी पेव घाईत बंद केलं आणि कोणाला दिसू नये म्हणून वर कडबा रचला. घाईत फरशी नीट बसली नव्हती. पावसाळ्यात पाणी आत शिरलं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन गाव शांत झाल्यावर दादांनी तोंड उघडलं, तर आत ज्वारीचा काळा चिखल झालेला. तात्याराव तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. आपलं पेव भरलेलं आहे, एवढ्यावर त्यांचा जीव धरलेला होता. दादांच्या बहिणीची सोयरीकही त्या पेवाकडे बघूनच आलेली. पोखर्णीच्या यात्रेला गाव रिकामं झालं तेव्हा दादा आणि वहिनी दोघांनी मिळून पेव उपसलं आणि ती घाण नाल्यात नेऊन टाकली.

मग दादांनी पेव पुन्हा बंद केलं. भरलेलं पेव बंद करताना आमच्यात नारळ फोडतात, फरशीला हळदकुंकू लावतात आणि घरच्या सुनेने मातीची पहिली मूठ टाकायची असते. दादांनी हे सगळं वहिनींकडून करवून घेतलं. तात्याराव आतून विचारत होते, "सून आली का? मूठ टाकली का?" वहिनींनी रिकाम्या पेवावर मूठ टाकली आणि आत जाऊन सासऱ्यांच्या पाया पडल्या.

येत्या साली भरू, असं दादा म्हणाले होते. येत्या साली तेवढी ज्वारी झाली नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. भरायचं तर आधी उघडायला हवं, आणि उघडलं की गाव जमणार. तात्याराव सुखाने गेले, नणंदेचं लग्न थाटात झालं, आणि दर दिवाळीला वहिनी त्या फरशीच्या जागेवर एक पणती ठेवत राहिल्या. दादा तापाने गेले तेव्हा त्यांची मुलगी सत्यशीला लहान होती. जाताना त्यांनी वहिनींचा हात धरून सांगितलं, पोरीचं लग्न होईपर्यंत तोंड उघडू नको. पेवाचं की स्वतःचं, ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनींनी दोन्ही धरून ठेवलं.

दादांच्या माघारी एका पावसाळ्यानंतर अंगणात ताटाएवढी जागा खोलगट वाटू लागली. वहिनींनी माती टाकून ती सारवली. पुढच्या वर्षी ती परातीएवढी झाली. तेव्हा त्यांनी तिथं हात लांब करून चार दगड मांडले, त्यांना शेंदूर लावला, भोवती बाभळीच्या काट्यांचा फेर घातला आणि शेजारच्या कडूबाईला सांगितलं, स्वप्नात आसरादेवी आली होती, इथं ऱ्हाते म्हणली.

कडूबाईने ते साऱ्या गल्लीत पसरवलं. बाया नारळ घेऊन येऊ लागल्या. वहिनींची पंचाईत झाली. त्या दारातूनच ओरडायच्या, "जवळ जाऊ नगा गं. ही देवी दुरूनच घेती." मग बाया काट्यांच्या बाहेरूनच नारळ फोडायच्या. कडूबाईच्या सुनेला मुलगा झाला आणि देवीचं नाव आणखी वाढलं. वहिनी तिलाही हात जोडायच्या. मी एकदा पाहिलं, त्या अगदी मनापासून हात जोडत होत्या.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावाजवळ नाल्याच्या बांधाचं काम निघालं आणि घराघरांतली माणसं तिथं माती वाहू लागली. वहिनी आणि सत्यशीलाही जायच्या. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापता थापता फुटायची आणि खाताना घशात बसायची. कामावर जेवायला बसलं की कडूबाई मोठ्याने म्हणायची, "घरात तात्यारावाचं पेव, आन् सगुणाबाई मिलो खायलीत. कुणासाठी राखायलीस गं? संगं नेणार हायस का?"

"लेकीच्या लग्नाला," वहिनी म्हणायच्या.

गावाने त्यांना कंजूष ठरवलं. दारात मागायला आलेल्या माणसाला त्या आपल्या भाकरीतली अर्धी द्यायच्या, आणि तो बाहेर जाऊन म्हणायचा, पेवावर बसून मिलो वाटतेय. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. खोटं ठरवायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

सत्यशीलाला स्थळ आलं ते जिंतूरच्या पलीकडचं. मुलगा शाळेवर नोकरीला, बाप दत्तराव. दत्तराव अंगाने आडवे, आवाजाने मोठे, मनाने बरे. बोलणी माझ्या ओट्यावर झाली. त्यांनी हुंड्याचं नावच काढलं नाही.

"दुष्काळ हाय, कुणाला पिळायचं?" ते म्हणाले. "इहीणबाई, माझं एकच मागणं. माझ्या माणसांना तात्यारावाच्या पेवातल्या ज्वारीची भाकर घाला. त्या मिलोनं लोकांच्या जिभेला जू बसलंय."

सगळे हसले. वहिनी उठून आत चहा ठेवायला गेल्या. चहा फार वेळाने आला आणि त्यात साखर नव्हती.

काही दिवसांनी त्या मागच्या दाराने आमच्याकडे आल्या. पदराखाली चांदीचे गोट आणि पाटल्या होत्या. "भावजी, मानवतला मोडून या. आलेल्या पैशाची ज्वारी घ्या. पोती तुमच्या घरात ठेवा, माझ्या नको."

"वैनी, पेव असताना..." मी म्हणालो.

"इचारू नका, भावजी."

मी विचारलं नाही. मला तसं विचारायला कधी जमलंच नाही. ज्वारी मी पेंड्यांखाली झाकून गाडीने आणली आणि आमच्या माजघरात रचली. मग त्यांनी दुसरं काम सांगितलं, मांडवासाठी शाळेपुढची जागा मागायची. शाळेचे त्या वेळचे गुरुजी हो म्हणाले. भाकरीची सोय झाली, मांडवाची झाली. लग्न लागलं की वहिनी मोकळ्या होणार होत्या. त्या दिवसांत त्यांचा चेहरा जरा सैल झाल्यासारखा मला वाटला होता.

आणि वैशाखातल्या एका दुपारी दत्तराव आले. गाव कामावर होतं. लग्नाच्या खरेदीला जायचं असल्यामुळे वहिनी घरी होत्या, मीही होतो. दत्तरावांच्या मागे मांडवाच्या बल्ल्या आणि बांबूंनी भरलेली बैलगाडी होती. मानवतच्या सोयऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर पडून होत्या, भाड्याचा खर्च कशाला, म्हणून त्यांनी आणल्या होत्या. गाडीवर आश्रुबा नावाचा माणूस होता.

"पाव्हणं, मांडव शाळेपुढं घालायचं ठरलंय," वहिनी दारातून म्हणाल्या.

"शाळेत पोरं बसतेत. माझी माणसं काय पहिलीत बसायलीत का?"

"तिथं जागा लय हाय."

"आन् हे अंगण काय कमी हाय? इहीणबाई, ज्या अंगणात तात्यारावाचं पेव, त्या अंगणात लगीन लावायला आलो मी एवढ्या लांब. आमच्याकडच्यांना दाखवायचंय मला. मांडवाच्या संगंच पेव उघडू. कुठंशी हाय ते?"

"तिथं देवी बसलीय." वहिनींचा आवाज बारीक झाला.

"देवीला हात जोडतो. म्हणतो, बाई, लगीन लागस्तोर जरा सरकून बस. पहिला घास तुला." त्यांनी खरंच हात जोडले. मग वळून म्हणाले, "आश्रुबा, घे गाडी आत."

"आत घेऊ नका," वहिनी म्हणाल्या.

"मालक सांगायलेत, बाई," आश्रुबा म्हणाला आणि त्याने फाटकाची झापडी बाजूला केली. बैल आत आले. बल्ल्यांनी गाडी जड झालेली, चाकं करकरत होती. बैल सरळ आले. त्यांना गोठ्याच्या भिंतीचा रस्ता कोणी शिकवला नव्हता.

वहिनी धावल्या. तेवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा अंगणातून सरळ जाताना पाहिलं. काटे तुडवत, शेंदराचे दगड ओलांडत त्या बैलांच्या पुढ्यात हात पसरून उभ्या राहिल्या. बैल थांबले. माना वर करून फुसफुसले. वहिनी बैलांकडे बघत नव्हत्या, आपल्या पायांकडे बघत होत्या.

मग त्या लहान झाल्या. मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. आधी गुडघ्यापर्यंत होत्या, मग कमरेपर्यंत, मग फक्त पसरलेले हात आणि डोक्यावरचा पदर दिसला, आणि मग अंगणात धुळीने भरलेलं एक भोक होतं. आवाज मोठा नव्हता. ओलं पोतं खाली ठेवावं तसा झाला.

आश्रुबाने बैल मागे रेटले. मी धावलो तर दत्तरावांनी माझा दंड धरला. "कडंला जाऊ नका, कडा तुटतेत. बल्ल्या काढ रे." मांडवाच्या बल्ल्या आम्ही भोकावर आडव्या टाकल्या आणि मी त्यांच्यावर पालथा पडून खाली पाहिलं. आंबट, जुना वास वर आला. काही दिसत नव्हतं.

"वैनी."

"हाय." खोकला आला. "जित्ती हाय. पाय मुरगळलाय."

तानुबाईने कंदील आणला. दोरीला बांधून तो सोडला. दोन पुरुष खोल असेल ते पेव. जसजसा कंदील खाली गेला तसतशी ज्योत बारीक होत गेली. वहिनी पडलेल्या मातीच्या ढिगावर बसल्या होत्या, म्हणून त्यांचं तोंड त्या घाण हवेच्या थोडं वर होतं. ढिगाच्या खाली कंदील नेला असता तर विझला असता. आश्रुबाने कडुलिंबाच्या फांद्या तोडून दोरीला बांधल्या आणि तो त्या भोकातून वर-खाली करू लागला. कोंडलेली हवा हलवायची ती रीत आहे. पण माती पुन्हा ढासळत होती, वेळ फार नव्हता.

तोवर कामावरची जेवणाची सुट्टी झाली होती आणि कोणीतरी धावत जाऊन सांगितलं होतं. माणसं आली. सांगायला बरं वाटत नाही, पण ती भोकाशी वाकली ती आधी ज्वारी बघायला. सारा उन्हाळा मिलो खाल्लेली माणसं होती. त्यांनी कंदिलाच्या उजेडात चारी अंगाला पाहिलं. मातीची भिंत, मातीचा तळ.

"अगं बाई," कडूबाई म्हणाली. "रिकामं हाय की."

दत्तरावही बल्लीवर हात टेकून बघत होते. मग ते म्हणाले, "बाज आणा."

बाजेला चार कोपऱ्यांना दोर बांधून आम्ही ती भोकाशी आणली. दत्तराव वाकून म्हणाले, "इहीणबाई, बाज सोडायलाव. बसा तिच्यावर."

"आदी सांगा," खालून आवाज आला. "लगीन ऱ्हायलं का मोडलं?"

"वर या, मग बोलू."

"वर आल्यावर तुमी बोलणार न्हाईत. गाडी जुपून जाताल. मी हितं हाय तवर तुमाला जाता येईना."

गर्दीत कोणीतरी हसलं. दत्तरावांचा चेहरा तांबडा झाला. "तुमी फसवलंत मला."

"मी काय म्हणले? कदी म्हणले का भरलंय?"

"मग न्हाई का म्हणलं न्हाई?"

"तुमी इचारलंच कुठं? तुमी ज्वारी मागितली, मी चहा ठेवला." पुन्हा खोकला. कंदिलाची ज्योत निळी झाली होती.

"वैनी, बोलू नका," मी म्हणालो. "दम राखा."

"लय वरीस राखला, भावजी."

गर्दीतून सत्यशीला पुढे आली. डोक्यावरची टोपली तिने तशीच कुठंतरी टाकली होती, केसांत माती होती. ती बल्लीवर बसली आणि खाली पाय सोडून म्हणाली, "आई, वर ये. मला न्हाई करायचं लगीन."

"तू उठ तिथून. बल्ली सरकंल."

"मग मीच येते खाली."

"सत्ये, उठ म्हणते ना." वहिनींच्या आवाजात तेव्हा पहिल्यांदा भीती आली. "पाव्हणं, हिला धरा. लगीन होऊ न होऊ, हिला धरा."

दत्तरावांनी सत्यशीलाला खांद्याला धरून मागे ओढलं. तिला धरूनच ते उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. "किशनराव, मानवतच्या मोंढ्यात परवा कुणी म्हणलं मला, तुमी पोती नेली म्हणून. दुष्काळात एवढी ज्वारी कुणासाठी घेतली?"

मी तानुबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुमच्या माणसांसाठी. जाऊबाईनं अंगावरची चांदी मोडली."

दत्तराव भोकाकडे बघत राहिले. आश्रुबा फांद्या हलवतच होता. त्याचा दम लागल्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटतं, ते रागावलेले होतेच, आणि राग कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. गाडी जुंपून जाणंही जमत नव्हतं, भोकात बाई होती आणि भोवती गाव होतं.

"लगीन लागंल," शेवटी ते म्हणाले. "पण माझ्या दारात. ह्या अंगणात माझं माणूस पाय ठेवणार न्हाई."

मुलीचं लग्न आपल्या दारात न होता मुलाच्या दारात होणं म्हणजे काय, ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तात्यारावांच्या घराची आब गेली असं त्यांनी गावासमोर सांगितलं होतं.

"ज्वारी?" वहिनींनी विचारलं.

"घेऊन या. भाकरी तिथं खाऊ."

"गावापुढं म्हणायलात ना?"

"गाव हाय की हितं."

"सोडा बाज," वहिनी म्हणाल्या.

बाज वर आली तेव्हा त्या डोळे मिटून होत्या, ओठ काळे पडले होते. उजेडात आल्यावर त्यांनी आधी चाचपडत पदर डोक्यावर ओढला, व्याही समोर होते म्हणून. तानुबाईने पाणी दिलं. थोडा वेळ गेला आणि त्या सत्यशीलाच्या खांद्यावर हात ठेवून उठल्या आणि घराकडे निघाल्या. भोक अंगणात आ वासून पडलेलं, साऱ्या गावाला दिसत होतं. तरी त्या आधी गोठ्याच्या भिंतीकडे गेल्या आणि भिंतीला धरून, लंगडत, दारापर्यंत पोचल्या.

लग्न दत्तरावांच्या दारात झालं. वहिनींना मागच्या बायांत बसवलं होतं. पंगतीत दत्तराव मोठ्याने म्हणाले, "इहीणबाईकडची माणसं हायती, बसताना खाली बघून बसा रे." लोक हसले. वहिनीही हसल्या. पुढे आमच्याकडे आले की दत्तराव बसण्याआधी काठीने जमीन ठोकून पाहायचे. सत्यशीलाला मात्र त्यांनी कधी बोल लावला नाही. ती तिथं नांदली.

पेव बुजवायला नाल्याची माती आणली. संध्याकाळी कामावरून सुटलेल्या बाया येताना एकेक टोपली आणून टाकायच्या. कडूबाईने सगळ्यांत जास्त टाकल्या असतील. शेंदराचे चार दगड तिने आधीच उचलून आपल्या दारात नेले. वहिनी म्हणाल्या, "अगं, ती देवी मी मांडली होती. खोटी हाय ती."

"खोटी कशी?" कडूबाई म्हणाली. "तिनंच धरलं की तुला वरच्या वर."

माती ठासून भरली, पाणी मारून चोपली, वर सारवलं. आता ती जागा अंगणातली सगळ्यांत पक्की जागा होती. बैल बांधले असते तरी काही झालं नसतं. वहिनी तरी भिंतीच्या कडेनेच जात राहिल्या. मी एकदा म्हणालो, "वैनी, आता तर भरलंय. सरळ चाला की."

"मी म्हणते पायांना," त्या म्हणाल्या. "ऐकत न्हाईत."

त्यानंतर त्या फार वर्षं जगल्या नाहीत. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात गेल्या. तिरडी अंगणात बांधली. दत्तराव आले होते, त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. पुढच्या एका खांद्याला मी होतो. दारातून निघालो तेव्हा बाकीचे तिघे फाटकाकडे सरळ चालले आणि माझा पाय आपोआप गोठ्याच्या भिंतीकडे वळला. तिरडी कलंडली. मागून कोणीतरी म्हणालं, "किशनराव, सरळ चला."

नागनाथ गुरुजी तेव्हा गावात नवीन होते, पुढचा दुसरा खांदा त्यांचा होता. त्यांनी हळूच विचारलं, "पायात काही आलं का?"

"इथं पेव होतं," मी म्हणालो.

त्यांनी खाली पाहिलं. खाली सारवलेलं अंगण होतं.